टीव्हीचा सिग्नल मध्येच का जातो? आधी घड्याळ बघा

डिशचा सिग्नल कायमचा गेला तर दुरुस्ती सोपी असते. केबल तुटलेली असते, एलएनबी (डिशच्या दांडीवरचा, सिग्नल पकडून केबलमध्ये पाठवणारा डबा) मेलेला असतो, नाहीतर रिचार्ज संपलेला असतो. खरी डोकेदुखी येऊन-जाऊन असणाऱ्या बिघाडाची. मॅच रंगात आली की चित्राचे चौकोन होतात, आवाज कटकट करतो, मग पडद्यावर ‘नो सिग्नल’ आणि पाच मिनिटांनी आपोआप सगळं ठीक. तक्रार केल्यावर माणूस दोन दिवसांनी येतो तेव्हा टीव्ही मुकाट चालू असतो. तो ‘सगळं ओके आहे’ म्हणतो, व्हिजिटचे पैसे घेतो आणि जातो. त्याच रात्री पुन्हा तेच.

असा बिघाड पकडायचा तर काय बिघडलंय याच्या आधी कधी बिघडतं हे बघावं लागतं. टीव्हीजवळ एक कागद ठेवा. सिग्नल गेला की तारीख, वेळ, बाहेर ऊन की पाऊस की वारा, कुठली वाहिनी लागली होती आणि दुसऱ्या खोलीतला टीव्ही चालू होता का, एवढंच लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून बहुतेक वेळा एकाच जागेकडे बोट दाखवलं जातं. नोंदी न करता आधी एलएनबी बदलायचा, मग केबल, मग बॉक्स (टीव्हीजवळचा सेट-टॉप बॉक्स), हा सगळ्यात महागडा मार्ग आहे आणि सर्रास तोच वापरला जातो.

सिग्नलच जातोय ना?

चित्र गेलं की रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनू स्वच्छ दिसला तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यामधलं सगळं नीट आहे; दोष बहुधा बॉक्सच्या मागे, म्हणजे केबल, एलएनबी, डिश किंवा आकाश यांत आहे. मेनूही दिसत नसेल, पडदा काळा पडत असेल किंवा टीव्हीच ‘नो इनपुट’ म्हणत असेल, तर डिशला हातही लावू नका. एचडीएमआयची पिन सैल असेल, बॉक्स तापून अडकत असेल किंवा त्याचा अॅडॅप्टर थकला असेल. निम्म्या चुकीच्या दुरुस्त्या या एका चाचणीने वाचतात.

मग मेनूमधल्या सेटिंग्जमध्ये सिग्नलचं पान उघडा. तिथे दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून एकूण किती ताकद आत येतेय, त्यात गोंगाटही आला. क्वालिटी म्हणजे त्यातून कामाचं किती निघतंय. गर्दीच्या लोकलमध्ये फोन कानाला लावला तर आवाज भरपूर येतो, पण पलीकडचे शब्द कळतात का, हा प्रश्न वेगळा. म्हणून बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर एलएनबीला वीज मिळतेय, केबल जोडलेली आहे, पण डिश भलतीकडे बघतेय किंवा समोर काहीतरी आडवं आलंय. दोन्ही शून्य असतील तर दोष केबल, पिन (केबलच्या टोकाचा जोड) किंवा एलएनबीची वीज यांत.

कोरड्या, निरभ्र दिवशी क्वालिटीचा आकडा किती असतो तो मार्करने बॉक्सच्या पाठीवर लिहून ठेवा. ज्या कंपनीच्या बॉक्समध्ये एचडी आणि एसडी वाहिन्यांचे आकडे वेगळे दिसतात, तिथे दोन्ही लिहा. हा आकडा माहीत नसेल तर पुढच्या पावसात दिसणारा आकडा चांगला की वाईट, हे सांगताच येत नाही.

डिजिटल सिग्नलची एक खोड लक्षात ठेवायची. जुन्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की चित्रात मुंग्या यायच्या, आपल्याला आधीच कळायचं. आता क्वालिटी हळूहळू खाली येत असते तरी चित्र लख्ख असतं आणि एका मर्यादेखाली गेलं की एकदम कोसळतं. म्हणजे तुमची डिश वर्षभर मर्यादेच्या जरा वरच लटकत असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. मग रिमझिम सुद्धा पुरते. एचडी वाहिन्यांना बहुधा जास्त स्वच्छ सिग्नल लागतो, म्हणून त्या आधी जातात. ‘एसडी चालतं, एचडी जातं’ ही तक्रार म्हणजे सिग्नल काठावर आल्याची खूण.

डिश बघते कुठे

आपले टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर, पृथ्वीच्या गतीनेच फिरतात, म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे दिसतात. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर, डी-टू-एचचा ८८, डीडी फ्री डिशचा ९३.५, डिश टीव्हीचा ९५ आणि एअरटेलचा १०८.२ अंशांवर. मुंबई साधारण ७३ अंशांवर आहे, म्हणजे हे सगळे आपल्या पूर्वेला आणि दक्षिणेला.

मुंबईतून टाटा प्लेचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १५१ अंशांवर, क्षितिजापासून जवळपास ६५ अंश उंच दिसतो. फ्री डिश १३१ अंशांवर, उंची साधारण ५७. एअरटेल ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेपासून थोडा आग्नेयेकडे, आणि उंची फक्त ४४. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. मात्र लोखंडी ग्रिलपासून आणि स्लॅबच्या सळ्यांपासून लांब उभं राहून बघा, नाहीतर ते काहीही सांगेल.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला तोंड असलेल्या खिडकीतून यातला एकही उपग्रह दिसत नाही. अशा घरांची डिश गच्चीवर किंवा पॅसेजच्या बाजूला असते आणि केबल लांबलचक होते. दुसरी, ज्या उपग्रहाची उंची कमी, त्याच्या वाटेत झाड-इमारत येण्याची शक्यता जास्त. समजा शेजारी पुनर्विकासात तुमच्या डिशपेक्षा ३० मीटर उंच, म्हणजे दहाएक मजल्यांचा टॉवर उभा राहतोय. तो नेमका उपग्रहाच्या दिशेला असेल तर टाटा प्लेची वाट अडायला तो १४ मीटरच्या आत असावा लागतो. एअरटेलची वाट तो ३१ मीटरवरूनही अडवतो. टॉवर पूर्ण होण्याआधी त्याच्यावरची क्रेन फिरत असते. दिवसा कामाच्या वेळात सिग्नल काही सेकंद जाऊन येतो आणि रविवारी जात नाही, तर क्रेनकडे बघा.

डिशकडे नुसतं बघून ती कुठे रोखलीय ते कळत नाही, कारण घरगुती डिश ऑफसेट प्रकारची असते: ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. आकाशातली उंची मोजायला हात पूर्ण लांब करून मूठ धरा. एक मूठ साधारण दहा अंश. क्षितिजापासून मुठीवर मूठ रचत गेलात की साडेचार मुठींवर एअरटेल, साडेसहावर टाटा प्ले.

याहून नेमकी चाचणी सूर्य फुकट करून देतो. वर्षातून दोनदा, मुंबईत १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य उपग्रहांच्या बरोबर मागे येतो. टाटा प्लेसाठी दुपारी बाराच्या सुमारास, फ्री डिशसाठी अकराच्या आणि एअरटेलसाठी सकाळी दहाच्या सुमारास. या दिवसांत त्या वेळी सूर्याचा गोंगाट थेट डिशमध्ये शिरतो आणि क्वालिटी काही मिनिटं घसरते. लहान डिशला कधी ते जाणवतही नाही. जाणवलं तर काही करू नका, आठवड्याभरात आपोआप थांबतं. पण त्याच वेळी डिशवर ऊन पडलंय का ते मात्र बघा. पूर्ण डिश उन्हात असेल तर उपग्रहाची वाट मोकळी आहे. फांदीची किंवा भिंतीची सावली डिशवर दिसत असेल तर अडथळा तोच.

कधी जातो, त्यावरून काय कळतं

धो-धो पावसात सिग्नल गेला आणि सर ओसरल्यावर दहा-पंधरा मिनिटांत परत आला, तर त्यात बिघाड काही नाही. डीटीएचची लहर १२ गिगाहर्ट्झच्या आसपास असते आणि जोरदार पावसाचे थेंब ती पितात. जुलैतल्या मोठ्या सरीत मुंबईतल्या सगळ्यांचाच टीव्ही जातो. उपग्रह खाली असेल तर लहरीला पावसातून जास्त अंतर कापावं लागतं. एअरटेलच्या वाटेला टाटा प्लेच्या वाटेपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त. साध्या रिमझिमीत जात असेल तर मात्र दोष आपल्याकडे आहे: डिश थोडी ढळलीय, पिन गंजलीय किंवा एलएनबी थकलाय. शेजारच्या घरात त्याच कंपनीची डिश असेल तर एका मिनिटात निकाल लागतो. त्यांचं चालू आणि तुमचं बंद, तर पावसाला दोष देऊ नका.

एक विनंती: पाऊस चालू असताना डिश हलवून सिग्नल शोधू नका. त्या वेळी क्वालिटी पावसामुळे वर-खाली होत असते, तुम्हाला वाटतं आपण फिरवल्यामुळे वाढली. पाऊस थांबल्यावर कळतं की डिश आता कुठेच बघत नाहीये.

पाऊस थांबून तासभर झाला तरी सिग्नल नाही, आणि ऊन चढल्यावर येतो, हे पाणी आत शिरल्याचं लक्षण. एलएनबीच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते, तिथून ओल आत जाते. नाहीतर पाणी पिनमध्ये उतरतं. याच्या उलट, भर दुपारी जातो आणि संध्याकाळी येतो, तर उष्णतेने एलएनबीच्या आतला ऑसिलेटर (वारंवारता ठरवणारा भाग) सरकतोय किंवा सुटलेली सोल्डरिंग तापल्यावर उघडतेय. अशा वेळी ओलं फडकं एलएनबीवर (तोंडावर नाही, पाठीवर) दोन मिनिटं ठेवा. सिग्नल परत आला तर एलएनबी बदला. तो दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

वाऱ्यासोबत जात असेल तर दोन शक्यता. एक, डिशच हलतेय. ६० सेंटिमीटरच्या डिशची नजर फार अरुंद असते, एकूण सुमारे तीन अंश. ती दीड अंश ढळली की सिग्नलची ताकद अर्ध्यावर येते, आणि दीड अंश म्हणजे डिशची कड जेमतेम ८ मिलिमीटर सरकणं. जूनच्या पहिल्या वाऱ्यात सैल बोल्टला एवढं पुरतं. तपासायला दोघं हवेत: एक टीव्हीसमोर क्वालिटी वाचत फोनवर, दुसरा डिशची कड एका बोटाने हलकेच पुढे-मागे दाबत. दाबल्यावर क्वालिटी वाढली तर डिश ढळलेली आहे. दाबताना डिश खुळखुळली तर बोल्ट सैल आहेत. १० आणि १३ नंबरचे पाने बहुधा पुरतात. बोल्ट एकदम आवळू नका, चारही थोडे-थोडे आळीपाळीने आवळा, नाहीतर आवळतानाच डिश पुन्हा वळते. खुळखुळ भिंतीतल्या अँकरमध्ये असेल तर वरचे बोल्ट आवळून काही होत नाही. चाळीच्या जुन्या गिलाव्यात ठोकलेले अँकर दोन पावसाळ्यांत हलायला लागतात.

दुसरी शक्यता झाड. एप्रिलमध्ये गुलमोहर बोडका असतो, तेव्हा लावलेली डिश मस्त चालते. पालवी फुटते, पाऊस लागतो, ओली पानं वाऱ्यावर डोलायला लागतात आणि सिग्नल त्याच तालावर येतो-जातो. ओलं पान कोरड्या पानापेक्षा कितीतरी जास्त सिग्नल खातं. नारळाच्या झावळ्या त्याहून वाईट, कारण झावळी बाजूला गेली की सगळं ठीक दिसतं. फांदी तोडायचा विचार मनात आणण्याआधी डिश दोन-तीन मीटर सरकवून बघा. मुंबईत झाड छाटायला महापालिकेची परवानगी लागते.

दिवसातून कधीही, कुठल्याही हवेत, काही सेकंदांसाठी जात असेल तर एलएनबीच्या दांडीवर कावळा बसतोय का ते बघा. विनोद नाही हा. दांडीच्या टोकाला केबल टायची शेपटं वर करून बांधली की तो बसायचं बंद करतो. कबुतरांची घाण एलएनबीच्या तोंडावर साचली असेल तर साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसा, खरवडू नका.

इमारतीची रंगरंगोटी निघाली असेल तर परांचीकडे बघा. बांबू किंवा ओली हिरवी जाळी डिशसमोर येते, रंगारी दोर बांधायला डिशच्या दांडीचा आधार घेतात, आणि कधी डिशही चकचकीत ऑइलपेंटने रंगवून टाकतात. चकचकीत डिश सूर्याची उष्णता थेट एलएनबीवर गोळा करते. पावसाळ्याआधी गच्चीवर टाकलेली निळी ताडपत्री कोरडी असेपर्यंत सिग्नलला फारशी आड येत नाही. तिच्यावर पाण्याचा थर बसला की सिग्नल संपतो. एलएनबीला प्लास्टिकची पिशवी बांधण्याचा घरगुती उपायही याच कारणाने उलटतो. पिशवीत घाम धरतो आणि एलएनबी बाहेरच्या पावसाऐवजी आतल्या ओलीत भिजत राहतो.

केबल आणि पिन: मुंबईचा खरा आजार

वरचं सगळं तपासूनही काही सापडलं नाही तर बहुधा दोष केबलच्या टोकाला असतो. वरळी, वर्सोवा, मढ, उत्तन असा समुद्र जवळ असेल तर तिथूनच सुरुवात करा. खारी हवा स्वस्त क्रिम्प पिनची लोखंडी कडी वर्ष-दोन वर्षांत खाते.

डिशपासून बॉक्सपर्यंत लागते ती आरजी-६ केबल, ७५ ओहमची. तिच्यातून दोन गोष्टी उलट-सुलट जातात: वरून खाली सिग्नल आणि खालून वर एलएनबीसाठी वीज. बॉक्स १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा एलएनबी उभ्या लहरी घेतो, १८ व्होल्टला आडव्या. पिन गंजली, तिचा अडथळा वाढला, की १८ व्होल्ट वर पोचेपर्यंत १४-१५ होतात आणि एलएनबी ते १३ समजतो. परिणाम: निम्म्या वाहिन्या गायब, निम्म्या व्यवस्थित. लोक कंपनीला फोन करून पॅकेज तपासायला सांगतात. दोष असतो चार रुपयांच्या पिनमध्ये.

गेलेल्या वाहिन्या लिहून काढल्या तर आणखी कळतं. केबल जास्त वारंवारतेचा सिग्नल जास्त खाते. आरजी-६ मध्ये शंभर मीटरला ९५० मेगाहर्ट्झवर साधारण २० डेसिबल, तर २१५० वर ३० च्या आसपास. म्हणून केबल भिजली किंवा फार लांब झाली की आधी वरच्या पट्ट्यातल्या वाहिन्या जातात. ठरावीक दोन-चार वाहिन्याच त्रास देत असतील आणि गच्चीवर मोबाइल टॉवर असेल, तर संशय त्याच्यावर. एलएनबी सिग्नल खाली आणतो तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये, आणि मोबाइलचे १८०० व २१०० चे पट्टे नेमके त्याच्या आत येतात. चांगली जाळी (मधल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टण) असलेली केबल आणि घट्ट पिन असेल तर टॉवर आत शिरत नाही. सैल पिन म्हणजे त्याला उघडं दार.

पिन बदलण्याआधी बॉक्सची वीज बंद करा, नुसता रिमोटने नाही, भिंतीवरचा स्विच. चालू केबलमध्ये मधली तार जाळीला टेकली तर बॉक्स एलएनबीची वीज तोडतो आणि कधी कायमची तोडतो. मग पिन उघडून मधल्या तांब्याच्या तारेकडे बघा. ती सोनेरी-लालसर, चमकती हवी. काळी, हिरवी किंवा पांढरी भुकटी धरलेली असेल तर कापून टाका. कापलेल्या टोकावर पांढरा फोम कोरडा आणि जाळी चकचकीत दिसली तर नशीब चांगलं. जाळी काळी दिसली तर आणखी अर्धा मीटर कापा. तिथेही काळी असेल तर पाणी केबलमध्ये लांबवर ओढलं गेलंय. नवीन पिन बसवून उपयोग नाही, ती केबल बदलायची.

नवीन पिनसाठी बाहेरचं आवरण साधारण १२ मिलिमीटर सोला, जाळी मागे उलटी वळवा, आतला फोम ६ मिलिमीटर काढा. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. बॉक्स बंद पडण्याचं ते मोठं कारण असतं. पिन बसल्यावर मधली तार नटच्या काठाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. कमी असेल तर ती आत टेकते-न टेकते अशी राहते आणि ट्रक गेला तरी सिग्नल जातो. फिरवून बसवायच्या पिनपेक्षा दाबून बसवायची कॉम्प्रेशन पिन घ्या. तिचं अवजार इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, लॅमिंग्टन रोडला तर रांगेने.

बाहेरच्या पिनवर साधी काळी टेप गुंडाळू नका. उन्हात तिचा गोंद सुटतो, आत पाणी जातं आणि बाहेर यायला वाट नसते. स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत जा, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या. पाणी झोलाच्या तळातून गळून पडतं, भिंतीच्या भोकात जात नाही.

मल्टिमीटर असेल तर केबल एलएनबीकडून काढून मधली तार आणि जाळी यांमध्ये व्होल्ट मोजा. वाहिनी बदलल्यावर आकडा १३ आणि १८ च्या आसपास उड्या मारायला हवा. खाली बॉक्सजवळ १८ आणि वर १५ दिसले तर वीज वाटेत मरतेय; पण एलएनबी सुटलेला असताना गंजलेल्या पिनमधला तोटा दिसेलच असं नाही.

खिडकीबाहेरच्या छज्जावर, ग्रिलला लोंबकळत यातलं काहीही करू नका. सातव्या मजल्यावरची पिन दुरुस्त करायला पट्टा लावणारा माणूसच बोलवा.

दुसऱ्या खोलीत टीव्ही लावला की

हा खास प्रकार आहे. एका एलएनबीची केबल साध्या स्प्लिटरने दोन बॉक्सना वाटली असेल, तर बैठकीतल्या बॉक्सला १८ व्होल्ट हवे असतात आणि आतल्या खोलीतल्याला १३. एलएनबी एकाच वेळी दोघांचं ऐकू शकत नाही. सासूबाईंची वाहिनी लागली की मुलांची जाते, अशी तक्रार आली तर डिशकडे बघूच नका; ट्विन एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल टाका. सोसायटीच्या सामायिक डिशवर असाल तर गच्चीवरच्या मल्टिस्विचचा (एका डिशचा सिग्नल अनेक घरांना वाटणाऱ्या डब्याचा) अॅडॅप्टर तपासायला सांगा. तो थकला की सगळ्या विंगचा सिग्नल एकत्र जातो-येतो.

बॉक्स संशयित वाटत असेल तर तो अॅडॅप्टरसकट उचलून त्याच कंपनीची डिश असलेल्या शेजाऱ्याकडे न्या. तिथेही तासाभराने सिग्नल जात असेल तर तुमची डिश निर्दोष. काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला बॉक्स तापतो. त्याच्या वर इंटरनेटचा राउटर ठेवला की आणखी तापतो.

कॅरव्हॅनमध्ये

मुंबईहून भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने कोकणात किंवा घाटावर जाणारे वाढलेत आणि काही जण घरचा बॉक्स सोबत घेतात. तिथे वरचे सगळे दोष लागू होतातच, पण तीन गोष्टी नव्या.

पहिली, जागा बदलली की डिशची दिशाही बदलते. लोणावळ्यात टाटा प्लेची दिशा आणि उंची मुंबईपेक्षा एखाद-दुसऱ्या अंशानेच वेगळी असते. पणजीला उंची ६५ वरून ६९ वर जाते. नागपूरला उंची तीच राहते पण दिशा १५१ वरून १६९ वर सरकते. डिशची नजर तीन अंशांची, त्यामुळे लांब गेल्यावर जुन्या खुणेवर विसंबता येत नाही. एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवावाही लागतो, नाहीतर उभ्या-आडव्या लहरी मिसळून क्वालिटी अडते. मुंबईत ८३ अंशांच्या उपग्रहासाठी तो तिरपा असतो सुमारे २७ अंश. नागपूरला त्याहून बराच कमी.

दुसरी, गाडी हलते. छतावर डिश असेल आणि आत कोणी या टोकापासून त्या टोकाला गेलं की स्प्रिंगवर गाडी झुकते. दीड मीटर रुंदीच्या गाडीची एक बाजू चार सेंटिमीटर खाली गेली म्हणजे दीड अंश, म्हणजे सिग्नल अर्धा. लोक झोपल्यावर टीव्ही छान चालतो आणि जेवायच्या वेळी जातो, याचं कारण हेच. जॅक लावून गाडी स्थिर करा, किंवा त्याहून सोपं, डिश तिपाईवर जमिनीत उभी करा. तिपाईचा खांब अगदी उभा हवा, लेव्हल लावून. तो तिरका असेल तर कोनाच्या खुणांना काहीच अर्थ राहत नाही. पायांवर पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन टांगा. वारा सुटेल तेव्हा नाही, आधीच.

तिसरी, वीज. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू झाल्यावर क्षणभर खाली येते. बॉक्स रीस्टार्ट होत असेल आणि त्याच क्षणी पंपाचा आवाज येत असेल तर सिग्नलचा काही संबंध नाही. बॉक्सला बॅटरीपासून वेगळी, जाड तार द्या. केबल दारातून किंवा खिडकीच्या फटीतून आत घेतली असेल तर तिथेच बघा. दोन-चार वेळा दार लागलं की आरजी-६ चेपते, आतला फोम दबतो आणि केबल वरून धडधाकट दिसत असूनही सिग्नल अडतो. शिवाय खड्ड्यांनी पिन सैल होतात, म्हणून मुक्कामी पोचल्यावर डिश फिरवण्याआधी दोन्ही टोकांचे नट हाताने घट्ट करून बघा.

माणूस बोलवायचाच असेल तर

फोनवर ‘सिग्नल जातो’ एवढंच सांगू नका. कोरड्या हवेतली क्वालिटी इतकी, रिमझिमीत इतकी, या चार वाहिन्या जातात, दुपारी एक ते तीनमध्ये, दुसरा टीव्ही बंद असताना सुद्धा, असं सांगा. शक्य असेल तर बिघाडाच्या वेळी सिग्नलच्या पानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. माणूस आल्यावर टीव्ही मुकाट चालणारच, व्हिडिओ मात्र नाकारता येत नाही. काम झाल्यावर क्वालिटी एका नव्हे, दोन वाहिन्यांवर बघून घ्या: एक १३ व्होल्टवाली आणि एक १८ वाली. कुठली कुठल्या व्होल्टवर आहे ते तो सांगू शकतो. आणि तो खाली उतरण्याआधी डिशची कड एका बोटाने दाबायला लावा. आकडा दोन्ही बाजूंना दाबल्यावर घसरला तरच डिश बरोबर मध्यावर बसलीय. एका बाजूला दाबल्यावर वाढत असेल तर त्याला पुन्हा वर चढू द्या.